रोजचे ४० किलोमीटर

विजेची गाडी घ्यायचं मनात आलं की शोरूमला जायच्या आधी एक काम घरच्या जुन्या गाडीतच उरकून घ्यावं. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन ठेवायचं. सकाळी गाडी निघाली की ओडोमीटरचा आकडा लिहायचा, रात्री लागली की पुन्हा लिहायचा. शेजारी दोनच शब्द: कुठे आणि कोण. ऑफिस, शाळा, क्लास, दवाखाना, स्टेशन. असे चार आठवडे. गाडी दोघं-तिघं चालवत असतील तर प्रत्येकानं लिहायचं. एकानं कंटाळा केला की हिशेब तिथेच फसतो, कारण लिहायच्या राहून जातात त्या संध्याकाळच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, आणि बहुतेक घरांत गाडीचं खरं आयुष्य त्याच फेऱ्यांत जातं.

महिन्याभरानं वहीतून तीन आकडे काढायचे. रोजची सर्वसाधारण धाव किती, सगळ्यांत लांबचा दिवस किती, हे दोन कुणालाही सुचतात. तिसरा आकडा सहसा कुणी काढत नाही, तो म्हणजे सलग आलेले दोन जड दिवस. शिवाय वहीत आणखी एक रकाना आखून ठेवावा: रात्री गाडी घरी किती वाजता लागली आणि सकाळी किती वाजता हलली. पेट्रोलच्या गाडीला या रकान्याचं काही देणंघेणं नसतं. विजेच्या गाडीचा मात्र अर्धा संसार त्यावर चालतो.

हे सगळं करून बघितलं की बऱ्याच घरांत रोजचा आकडा तीस-चाळीस किलोमीटरच्या आसपास निघतो, आणि मग गंमत अशी की चाळीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘एका चार्जमध्ये पाचशे जाईल ना?’

यात त्या माणसाची चूक नाही. हा प्रश्न टाकीनं शिकवलेला आहे. टाकी रिकामी होत जाते, काटा लाल पट्टीला टेकतो, मग वाट वाकडी करून पंपावर जायचं आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. भरणं हे एक वेगळं काम असतं, म्हणून ते जितक्या कमी वेळा करावं लागेल तितकं बरं. या सवयीत ‘एका टाकीत किती’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण ज्या वाहनाची टाकी रोज रात्री झोपेत भरते, त्याच्यासाठी हा प्रश्न अर्धाच उरतो. उरलेला अर्धा असा: रात्रीतून किती भरते?

त्याकडे येऊच. आधी बॅटरीत मुळात असतं किती, ते पाहू. बॅटरी मोजतात किलोवॅट-तासांत, म्हणजे घरच्या वीजबिलातल्या युनिटमध्येच. मधल्या आकाराच्या गाडीत ४० युनिटची बॅटरी आहे असं धरू. एक लीटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे त्या भल्यामोठ्या, अडीच-तीनशे किलोच्या बॅटरीत जेमतेम साडेचार लीटर पेट्रोलइतकाच दम आहे! तरी ती अडीच-तीनशे किलोमीटर नेते, कारण बॅटरीतून निघालेल्या विजेतली ८५ ते ९० टक्के चाकापर्यंत पोचते. पेट्रोलचं इंजिन रोजच्या चालवण्यात पाव हिस्सा पोचवतं, बाकीचं रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत सोडतं.

रेंजविषयीचे, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याविषयीचे, निम्मे गैरसमज इथूनच निघतात. पेट्रोलची गाडी उधळी आहे. ज्या घरात पैसा असाच वाहतो तिथे एखादा दिवा जादा जळला तर बिलात कळत नाही. समोरून वारा आला, टायरमध्ये हवा कमी आहे, एसी जोरात आहे, या गोष्टी तिलाही खर्चात पाडतात, पण त्या एकूण उधळपट्टीत लपून जातात. विजेची गाडी काटकसरी, त्यामुळे तिच्या वहीत प्रत्येक खर्च ठळक दिसतो. लोक म्हणतात, ईव्हीची, म्हणजे विजेच्या गाडीची, रेंज फार हलते. रेंज पूर्वीही हलतच होती, फक्त आता दिसायला लागलं.

कंपनी जी रेंज छापते ती खोटी नसते, पण कुठल्या परीक्षेत मिळालेले गुण आहेत ते पाहायला हवं. जुनी युरोपीय चाचणी, एनईडीसी, ही २० मिनिटांची, ११ किलोमीटरची आणि सरासरी ताशी ३४ किलोमीटरच्या आसपासची. इतकी सोपी की तिच्यातले गुण कुणाच्याच उपयोगाचे नव्हते. काही ठिकाणी तर तिचीच ताशी ९० च्या वर न जाणारी आवृत्ती वापरात राहिली. २०१७ पासून युरोपात डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली: ३० मिनिटं, सव्वातेवीस किलोमीटर, सरासरी ४६.५ आणि सर्वाधिक वेग १३१. ही बरीच प्रामाणिक आहे, तरी तीही एसी बंद ठेवूनच घेतात. अमेरिकेतली ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था प्रयोगशाळेत आलेल्या आकड्याला साधारणपणे ०.७ नं गुणते आणि मगच जाहीर करते, म्हणून तिचा आकडा त्यातल्या त्यात रस्त्याच्या जवळचा. एकाच गाडीचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तर गोंधळून जायचं कारण नाही. घरगुती वापरासाठी डब्ल्यूएलटीपीतून एक चतुर्थांश आणि जुन्या पद्धतीच्या आकड्यातून एक तृतीयांश वजा करावा. हायवेला त्याहूनही कमी मिळेल.

हायवेला कमी का, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण इथे पेट्रोलवाल्यांची आयुष्यभराची समजूत उलटी होते. पेट्रोलची गाडी शहरात अ‍ॅव्हरेज कमी देते आणि हायवेला जास्त. ईव्हीचं बरोबर उलट. सिग्नलला ती फुकट धडधडत उभी राहत नाही, आणि ब्रेक लावताना मोटरच जनित्र होऊन थोडी वीज परत बॅटरीत ढकलते. शहरात तिला शत्रूच नाही. तिचा शत्रू एकच, हवा.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की दर किलोमीटरला हवा कापायला चौपट वीज लागते. सोळाशे किलोची, बेताच्या आकाराची कुटुंबाची गाडी घेऊन हिशेब केला तर सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एकसारख्या वेगात साधारण असं पडतं: ताशी ५० ला एका युनिटमध्ये १२ किलोमीटर, ८० ला ८, १०० ला ६ च्या थोडं वर आणि १२० ला ५. म्हणजे तीच ४० युनिटची बॅटरी ८० नं गेलात तर ३२० किलोमीटर, १०० नं गेलात तर २५० आणि १२० नं गेलात तर २००. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक फक्त उजव्या पायाचा.

आता २०० किलोमीटरचा रस्ता १०० ऐवजी १२० नं मारला तर वीस मिनिटं वाचतात. पण जवळजवळ ८ युनिट जास्त जातात, आणि ती रस्त्यातल्या ५० किलोवॅटच्या (तासाला ५० युनिट देणाऱ्या) चार्जरवर परत भरायला, मध्ये वेग थोडा पडतो हे धरून, अकरा-बारा मिनिटं लागतात. त्यात गाडी वळवणं, गन (चार्जरच्या वायरचं टोक) लावणं, अ‍ॅप उघडणं धरा. आणि १०० नं गेलो असतो तर मुळात थांबावंच लागलं नसतं, असं असेल तर सगळा व्यवहार तोट्याचा.

जाता जाता: शंभर वर्षांपूर्वी, १९१४ च्या सुमारास, डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची गाडी एका चार्जवर ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर, जाते अशी जाहिरात होती आणि एका चाचणीत तर ती ३४० किलोमीटर गेल्याची नोंद आहे. बॅटऱ्या त्या काळच्या, जड आणि दुबळ्या. मग जमलं कसं? गाडीचा सर्वाधिक वेगच ताशी ३२ च्या आसपास होता. हवेला ती गाडी जाणवतही नसेल.

वारा हा दुसरा छुपा खर्च. तुम्ही ९० नं चाललाय आणि समोरून ताशी २० चा वारा आहे, तर हवेच्या दृष्टीनं तुम्ही ११० नं चाललाय. हवेचा विरोध जवळपास दीडपट, आणि एकूण खर्च तीस टक्क्यांनी वर. वेगमापक मात्र शांतपणे ९० दाखवतो. अशा दिवशी लोक बॅटरीला दोष देतात. छतावर सामानाची पेटी बांधली तरी हाच प्रकार. हायवेला दहा ते वीस टक्के जातात, आणि पेटी रिकामी असली तरी जातात, कारण हवेला पेटीच्या आत काय आहे याच्याशी मतलब नाही. घरी आल्यावर पेटी आणि शक्य तर तिचे आडवे दांडेही उतरवून ठेवावेत.

घाटाचं गणित त्या मानानं सरळ. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी हजार मीटर चढवायला साडेपाच युनिट लागतात, मोटर वगैरेतली घट धरून सहा. हे नेहमीच्या खर्चाच्या वर. उतरताना त्यातली तीन-साडेतीन परत मिळतात. म्हणून घाटाच्या पायथ्याशी रेंजचा आकडा बघून खूश होऊ नये आणि माथ्यावर बघून घाबरू नये. एकच पथ्य: माथ्यावर मुक्काम असेल आणि तिथे चार्जर असेल तर गाडी १०० टक्के भरू नका. ८५ ला थांबा. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, मग मोटरचा ब्रेक कमी पडतो आणि सगळा उतार साध्या ब्रेकवर उतरावा लागतो. सवय नसलेल्या पायाला तो फरक पहिल्याच वळणावर दचकवतो.

एसी आणि हीटर यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त वाद होतात, आणि ते बहुतेक एकाच चुकीमुळे. एसी किलोमीटरवर खर्च होत नाही, तो तासावर खर्च होतो. उन्हात तापलेली गाडी थंड करायला पहिली दहा-पंधरा मिनिटं दीड-दोन किलोवॅट आणि मग पाऊण ते एक किलोवॅट. मोकळ्या रस्त्यानं ताशी ४५ नं १८ किलोमीटर गेलात तर चोवीस मिनिटांत एसीनं ०.४ युनिट घेतलं. तेच १८ किलोमीटर गर्दीत ताशी १५ नं सरकत गेलात तर सव्वा तास लागला आणि एसीनं १.२ युनिट घेतलं, मोटरनं घेतलेल्या दोन युनिटच्या निम्म्याहून जास्त. दोघांचे एसी सारखेच, रस्त्याला लागलेला वेळ वेगळा. याचीच दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. रस्ता बंद झाला आणि दहा तास गाडीतच अडकून पडलात तरी एसी चालू ठेवून दहा युनिटच्या आतबाहेरच काम होतं.

थंडीत मामला जास्त कडक. पेट्रोलच्या गाडीला इंजिनाची वाया जाणारी उष्णता आयती मिळते. ईव्हीला ती वीज जाळून तयार करावी लागते. साधा हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॅट ओढतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारं यंत्र) असेल तर तेवढ्याच उबेला निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज पुरते. आणि सगळ्यांत महाग पडतात त्या छोट्या-छोट्या फेऱ्या: तीन किलोमीटर जा, गाडी तासभर गार होऊ द्या, पुन्हा तीन किलोमीटर. दर वेळी शून्यापासून तापवायचं. थंड प्रदेशात अशा दिवशी एका युनिटला तीन-चार किलोमीटर पडले तर गाडी बिघडलेली नाही. उपाय साधा आहे: निघायच्या आधी पंधरा मिनिटं, प्लग लावलेला असतानाच, अ‍ॅपवरून गाडी तापवून किंवा थंड करून घ्यायची. मग तो खर्च भिंतीतून जातो, बॅटरीतून नाही. शिवाय सीट गरम करायची सोय असेल तर ती आधी वापरावी. माणूस गरम करायला पन्नास-शंभर वॅट पुरतात, डबाभर हवा गरम करायला हजारो.

टायर. यावर दोन वाक्यं लिहून सोडून देतात, पण तक्रारी इथूनच निघतात. नव्या ईव्हीबरोबर येणारे टायर मुद्दाम कमी वीज खाणारे निवडलेले असतात. चाळीसेक हजार किलोमीटरनंतर ते झिजतात, मग दुकानदार सांगतो ते, जास्त पकड असलेले, दणकट टायर बसतात, आणि पुढच्याच आठवड्यात रेंज आठ-दहा टक्क्यांनी खाली येते. तोवर गाडी तीन वर्षांची झालेली असते. निष्कर्ष काय निघतो? बॅटरी उतरली! बॅटरी अशी आठवड्यात उतरत नाही. टायर बदलताना आधीच्या टायरचा साइज, लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा) आणि पूर्ण मॉडेल लिहून न्यावं आणि कमी रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे फिरताना कमी वीज खाणारा, टायर मागावा. मोठी रिम दिसायला झोकदार, पण तीही तेवढंच खाते. हवा महिन्यातून एकदा, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत. पावसात रस्त्यावर साचलेलं पाणी टायरला बाजूला ढकलावं लागतं, त्यामुळे पाच-दहा टक्के तिथेही जातात.

गाडी स्वतः जो ‘उरलेले किलोमीटर’ दाखवते तो आकडा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. मागच्या काही किलोमीटरमध्ये तुम्ही कसे चाललात, त्यावरून ती पुढचं भविष्य सांगते. काल गर्दीत निवांत चाललात म्हणून आज हायवेला लागताना ती ३२० सांगेल आणि वीस मिनिटांत २६० वर येईल. त्याकडे बघणं सोडून द्यावं. टक्के बघावेत आणि युनिटला किती किलोमीटर पडतात ते बघावं. आपल्या गाडीचे तीनच आकडे पाठ असले की पुरे: शहरात किती, हायवेला ९० नं किती, आणि सगळ्यांत वाईट दिवशी किती. बाकीचं तोंडी गणित.

आता सगळं एकत्र धरून सगळ्यांत वाईट दिवस मांडू. ब्रोशरवर ४५ युनिटची बॅटरी आणि ४५० किलोमीटर लिहिलंय. ४५ हा बहुधा एकूण आकडा. कंपनी थोडा भाग खाली-वर राखून ठेवते, वापरायला ४२ मिळतात. बॅटरी वर्षाला दीड-दोन टक्के उतरते असं धरलं, आणि थोडं जास्तच सावध राहिलं, तर आठ वर्षांनी ८२ टक्के उरेल, म्हणजे ३४. (बऱ्याच कंपन्यांची हमीच आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आणि ७० टक्के अशी असते.) रोज ८० पर्यंतच भरायची आणि १५ च्या खाली न्यायची नाही असं ठरवलं तर त्यातले ६५ टक्के हाती येतात, २२ युनिट. त्या दिवशी पाऊस, वारा, पाच माणसं, हायवे, म्हणून १०० किलोमीटरला १८ युनिट. उत्तर येतं १२५ किलोमीटरच्या आत.

४५० चे १२५! हे ऐकून कुणी म्हणेल, मग फसवणूकच की. पण वही काढा. रोजचा आकडा ४० होता. आठ वर्षं जुनी बॅटरी, वाईटातला वाईट दिवस, दोन्ही बाजूंना राखीव ठेवून, तरी तीनपट उरतंय. आणि ज्या घराच्या वहीत रोजचे १४० आहेत त्या घरानं ही बॅटरी अजिबात घेऊ नये, मग ब्रोशर काहीही म्हणो. नवी असताना तीन वर्षं मजेत जातील, नंतर रोज संध्याकाळी टक्के मोजत घरी यावं लागेल. बॅटरीचा आकार ठरवायचा तो वर्षातून दोनदा होणाऱ्या लांबच्या प्रवासावरून नाही. वहीतल्या जड दिवसांवरून ठरवायचा. वर्षातल्या त्या दोन प्रवासांना रस्त्यावरचा फास्ट चार्जर आहे. उगाच दुप्पट बॅटरी घेतली तर ते अडीच-तीनशे किलो वजन उरलेले ३६० दिवस भाजी आणायला जातं.

आता रात्रीचा प्रश्न. साधा जाड पिनचा सॉकेट, २३० व्होल्ट, आणि गाडीबरोबर आलेली केबल १० अँपिअरवर लावलेली. म्हणजे २.३ किलोवॅट. त्यातला काही भाग चार्ज होताना जागा असलेल्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि उष्णतेत जातो, बॅटरीत पडतात तासाला साधारण दोन युनिट. रात्री नऊ तास गाडी उभी असेल तर १८ युनिट, म्हणजे १२० ते १३० किलोमीटर. रोजच्या ४० ला तीन तासही लागत नाहीत. बहुतेक घरांना इतकंच पुरतं.

पुरत नाही ते वहीतल्या सलग जड दिवसांना. वापरायला ४० युनिट असलेली गाडी घ्या. ८० टक्क्यांवरून निघालो, म्हणजे ३२ युनिट. पहिल्या दिवशी १८० किलोमीटर, २७ युनिट गेले, पाच उरले. रात्रीत १८ आले, २३ झाले. दुसऱ्या दिवशी १५० किलोमीटर, साडेबावीस गेले. घरी पोचलो तेव्हा अर्धा युनिट शिल्लक, म्हणजे पोचलो हे नशीब. आदल्या रात्री १०० टक्के भरली असती तर साडेआठ शिल्लक राहिले असते. आणि घरी ७.४ किलोवॅटचा, ३२ अँपिअरचा वॉल चार्जर असता तर पहिल्या रात्रीच पाच-साडेपाच तासांत गाडी पूर्ण भरली असती आणि हा परिच्छेद लिहावा लागला नसता. लोक अशा वेळी मोठी बॅटरी घ्यायचा विचार करतात, तर कमी पडत असते ती भिंतीतली वायर. फक्त वॉल चार्जर घ्यायच्या आधी गाडीतला चार्जर किती घेतो ते विचारा; काही गाड्यांचा ३.३ किलोवॅटचाच असतो, मग भिंतीवर कितीही मोठा डबा टांगला तरी गाडी तेवढंच घेणार.

सॉकेट हा या सगळ्या कारभारातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत धोक्याचा भाग आहे. इस्त्री किंवा गीझर वीस मिनिटं चालतो. गाडी नऊ तास एकसारखा करंट ओढते, तोही रोज. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या, किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला, की तिथे थोडासा रोध तयार होतो. समजा ०.१ ओहम, आणि करंट १३ अँपिअर. तेवढ्याशा जागेत १७ वॅट उष्णता, म्हणजे एक छोटी सोल्डरिंग आयर्न प्लगच्या पोटात रात्रभर चालू! आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग पिनवर काळपट-निळसर झाक येते, मग वास. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. १६ ऐवजी १० अँपिअरवर लावली तर ती अडीचपटीनं कमी होते. म्हणून घाई नसेल तर केबल किंवा गाडीच्या सेटिंगमध्ये १० अँपिअरच ठेवावं.

इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते नेमकं सांगावं. मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन, मध्ये दुसरा एकही पॉइंट नाही. सॉकेटसाठी तांब्याची चार स्क्वेअर एमएमची वायर, ३२ अँपिअरच्या चार्जरला कमीत कमी सहाची, अंतर लांब असेल तर दहाची. स्वतंत्र एमसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच), आणि तो साधा ‘एसी’ प्रकारचा नको. गाडीच्या चार्जरमधून डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटची) गळती झाली तर तो आंधळा होतो आणि गरजेला पडत नाही. ‘ए’ प्रकारचा घ्यावा आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखायची सोय आहे का ते पाहावं, नाहीतर ‘बी’ प्रकारचा. अर्थिंग मोजून घ्यावं. केबलवर लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच होत नसेल तर दहात नऊ वेळा अर्थिंगच नसतं किंवा कच्चं असतं. त्यावर बाजारात अर्थिंगचा आभास निर्माण करणारे जुगाड मिळतात. ते लावणं म्हणजे धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणं. एक्स्टेन्शन बोर्ड नाही, गुंडाळलेली वायर तर नाहीच. आणि नवीन लाइनवर पहिल्यांदा गाडी लावली की तासाभरानं जाऊन प्लगला हात लावून पाहावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद करून पट्ट्या तपासा. एवढं करायला मिनिटभर लागतं; दर महिन्याला करावं.

कितीपर्यंत भरायची याचं उत्तर बॅटरीच्या जातीवर आहे. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) असेल तर रोज ८० टक्के, आणि १०० फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री, भरून झाल्यावर लगेच निघता येईल अशा बेतानं. पूर्ण भरलेली, वर उन्हात उभी, ही तिला न मानवणारी अवस्था. एलएफपी (लोह-फॉस्फेटची) असेल तर ती जास्त सोशिक, पण तिची एक वेगळी खोड आहे. तिचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किती उरलंय हे गाडीला कळत नाही. ती आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजत राहते आणि हळूहळू चुकत जाते. मग एक दिवस १८ टक्क्यांवरून एकदम ७ वर येते. म्हणून एलएफपीला आठवड्यातून एकदा १०० पर्यंत न्यायचं, म्हणजे तिचा हिशेब पुन्हा जुळतो. आपली कुठली आहे हे मॅन्युअलमध्ये असतं. विक्रेत्यालाही माहीत असेलच असं नाही.

घरात याचा एक नियम करून टाकावा: ३० टक्क्यांच्या खाली गाडी लावून कुणी झोपायचं नाही. ४० युनिटमधले १२ म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर, रात्री-अपरात्री दवाखान्यात जाऊन परत यायला बेस. आणि प्लग कुणी लावायचा ते ठरलेलं असावं. ज्यानं गाडी शेवटी लावली त्यानं. ‘मला वाटलं तू लावलास’ हे वाक्य कुठल्याही घसरत्या बॅटरीपेक्षा जास्त रेंज खातं.

लांबच्या प्रवासाचं फार नाही. १०० वर निघा, १५-२० वर पहिल्या चार्जरपाशी पोचा, ७०-८० ला गन काढा. ८० च्या पुढे वेग इतका पडतो की शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ६० इतका वेळ लागू शकतो आणि मागे रांग असेल तर शिव्याही. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलं असलं तरी दोन गन असतील आणि दुसरी चालू असेल तर ते विभागून मिळू शकतात. गाडीची स्वतःची मर्यादा वेगळीच. थंड बॅटरी हळू घेते, आणि उन्हाच्या दिवशी तिसऱ्यांदा फास्ट चार्जला लावलेली, तापलेली बॅटरीही हळू घेते. ठरवलेला चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत पोचता येईल इतकं शिल्लक ठेवूनच पहिल्यापाशी पोचायचं. १५-२० टक्के त्यासाठीच. चार्जिंगच्या कंपन्यांची अ‍ॅप घरीच डाउनलोड करून, त्यांत पैसे भरून निघावं. चार्जरपाशी मोबाइलला नेटवर्क नसणं हा अनुभव दुर्मिळ नाही.

आणि गाडी बरेच दिवस बंद ठेवायची असेल तर मोठ्या बॅटरीची काळजी नको. ५०-६० टक्क्यांवर सोडा, महिन्यात फारसं हलणार नाही. पहारा ठेवणारे कॅमेरे मात्र बंद करा. चालू राहिले तर काही गाड्यांत दिवसाला पाच-सहा युनिट त्यांतच जातात. मोबाइलवर सारखं अ‍ॅप उघडून ‘किती आहे’ बघणंही बंद करा, कारण दर वेळी गाडी झोपेतून उठते. खरा घोळ घालते ती बोनेटखालची किंवा डिकीतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी. दाराचं लॉक, स्क्रीन आणि मोठी बॅटरी जोडणारा स्विच हे सगळं तिच्यावर चालतं. ती मेली की ६० टक्के भरलेली गाडी दगडासारखी उभी राहते, दारसुद्धा उघडत नाही. ती चार-पाच वर्षांनी, कुरकुर सुरू व्हायच्या आधीच, बदलून टाकावी. रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी चावी असते. ती कशी निघते आणि दाराला तिचं भोक कुठे लपवलंय हे दिवसाउजेडी एकदा पाहून ठेवावं. बोनेट आतून कुठल्या दोरीनं उघडतं आणि १२ व्होल्टचे टर्मिनल कुठे आहेत, तेही. आणि क्रेनवाला आलाच, तर पुढची चाकं उचलून ओढत नेतो म्हणाला तरी नाही म्हणायचं. गाडी पूर्ण फ्लॅटबेडवर चढवायची, चारही चाकं वर.